जुनी केस, नवी नोकरी : पडताळणीच्या कागदामागचा इतिहास

आजची गोष्ट एका कागदाची.

लाखनीत पहाटे पळणारी पोरं-पोरी तुम्ही पाहिलीच असतील. कुणाला पोलीस भरती काढायची, कुणाला सीआरपीएफ, तर कुणाला भंडाऱ्यापलीकडच्या जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी. ग्राउंड निघतं, लेखी निघते, यादीत नाव लागतं. मग हातात येतो साक्षांकन नमुना. कधी अटक झाली होती का? गुन्हा दाखल होता का? शिक्षा झाली का? तुम्ही लिहिलेलं उत्तर तुमच्या पोलीस ठाण्यात तपासलं जातं. हीच चारित्र्य पडताळणी.

जुन्या गुन्ह्याचं वजन किती धरायचं, हा वाद मात्र आजचा नाही.

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात गुन्हा सिद्ध व्हायचीही गरज नव्हती. अमुक जमातीत जन्मलात की नाव पोलिसांच्या रजिस्टरात. हजेरी लावायची, गाव सोडायला परवानगी घ्यायची. सोलापुरात तर अशा कुटुंबांसाठी काटेरी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमातींना आपण ‘विमुक्त’ म्हणतो. कायदा गेला, पण पोलिसांची संशयाची नजर लगेच गेली नाही.

आता दुसरी बाजू बघा. आपल्याच विदर्भातले, वणीचे लोकनायक बापूजी अणे. जुलै १९३० मध्ये त्यांनी पुसदजवळ जंगल सत्याग्रह केला, राखीव जंगलातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले. म्हणजे कागदावर शिक्षा झालेला माणूस! पण १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हेच अणे बसले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले. एकीकडे गुन्हा नसताना पिढ्यान्‌पिढ्या शिक्का, दुसरीकडे शिक्षा होऊनही सर्वोच्च पदं. कागद बघणारा कोण आणि तो काय बघतो, यावर सगळं ठरत होतं.

मग साध्या घरातल्या उमेदवाराचं काय? त्याच्यासाठी नियम हवा होता.

२०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. मारामारीची जुनी केस, तडजोड होऊन सुटका झालेली, पण अर्जात त्याने ती लिहिली नव्हती. कोर्ट त्याच्या बाजूने उभं राहिलं. वयाच्या विशीत पोरांकडून चुका होतात, असं म्हणत निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, पाव चोरल्याबद्दल आयुष्यभर ‘चोर’ ठरलेल्या ज्याँ वालज्याँचा दाखला दिला.

पण निकाल एकसारखे येत नव्हते. म्हणून २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात चौकट घालून दिली. ती थोडक्यात अशी :

लहान वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ केस लपवली असेल, तर सरकार ती माफ करू शकतं. गुन्हा गंभीर असेल, तर निवड रद्द करू शकतं. सगळं खरं लिहिलंत तरी नोकरी द्यायलाच हवी असं नाही. पूर्वेतिहास तपासायचा अधिकार सरकारकडे राहतोच. आणि फॉर्ममध्ये जे विचारलेलंच नाही, ते लिहिलं नाही म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही.

अठराच्या आतल्या मुलांना बाल न्याय कायद्याचं संरक्षण आहे : दोषी ठरला तरी त्यामुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या, अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांचा.

ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदाच आहे, की बऱ्याचशा शिक्षा ठराविक वर्षांनी जुन्या झाल्या असं धरायचं. राष्ट्रीय सुरक्षेच्या कामात मात्र तिथेही ही सवलत नाही. भारतात मोठ्यांसाठी असा सर्वसाधारण कायदाच नाही. वीस वर्षांपूर्वीची शिक्षाही प्रश्न विचारला की लिहावीच लागते.

म्हणून मंडळी, गावच्या भांडणात नाव आलं असेल, तर ‘मिटलं ना सगळं’ म्हणून ‘नाही’वर टिक करू नका. केस मिटते, ठाण्यातली नोंद राहते. आधी निकालाची प्रत काढा, प्रश्न नीट वाचा, वकिलाला विचारा, मग पेन उचला. खरं लिहिलं तर निदान तुमची बाजू मांडायला जागा राहते.

भेटू पुढच्या भागात!