एकहाती शिडनौकानयन

एकाच व्यक्तीने, दुसऱ्या कोणाचीही मदत न घेता, शिडाच्या नौकेतून केलेल्या जलप्रवासास एकहाती शिडनौकानयन म्हणतात. शिडे चढविणे व उतरविणे, सुकाणू धरणे, नौकेचे स्थान निश्चित करणे, पहारा ठेवणे, स्वयंपाक, दुरुस्ती आणि झोप ही सर्व येथे एकाच माणसाच्या वेळापत्रकात बसवावी लागतात. किनाऱ्यालगत मासे धरणारे होडीवाले असा प्रवास प्राचीन काळापासून करीत आले असले, तरी व्यापार वा मासेमारी यांसाठी नव्हे तर केवळ प्रवासासाठी केलेले लांब पल्ल्याचे एकहाती नौकानयन ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची घटना होय. तिचा इतिहास बहुधा वादळांच्या अनुषंगाने सांगितला जातो. वस्तुतः एकटा माणूस समुद्रावर किती काळ तग धरू शकेल, हे ठरविण्यात मंद वारा व निर्वात समुद्र यांचा वाटाही मोठा आहे. वादळ काही तास वा काही दिवस टिकते. मंद वाऱ्याचे दिवस मात्र लांबत जातात आणि त्यांत अन्न, पाणी, झोप व मनःस्वास्थ्य या चारही गोष्टींचा कस लागतो.

मंद वाऱ्याचे स्वरूप : ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याची जी श्रेणी तयार केली, ती मुळात वेगाच्या मोजमापावर नसून जहाजाच्या वर्तनावर आधारलेली होती. तीमधील पहिल्या क्रमांकाचा वारा म्हणजे जहाजाला सुकाणू लागू पडेल एवढीच गती देणारा वारा. दुसऱ्या क्रमांकाच्या वाऱ्यात सर्व शिडे उभारलेली युद्धनौका शांत पाण्यात १ ते २ नॉट वेगाने जाई. हल्लीच्या मापाने या दोन वाऱ्यांचे वेग अनुक्रमे १ ते ३ आणि ४ ते ६ नॉट होतात. एका नॉटहून कमी वेग असल्यास समुद्र निर्वात समजतात. अशा वेळी धूर सरळ वर चढतो.

शिडावरील वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा झाला की दाब एकचतुर्थांशावर येतो. त्यामुळे मंद वाऱ्यात शिडाचे कापड फुगण्याऐवजी स्वतःच्या वजनाने लोंबू लागते. अनुभवी नाविक अशा वेळी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूस बसून नौका किंचित कलती ठेवतो. कलण्यामुळे शीड आपल्याच भाराने योग्य आकार धरते आणि पुष्कळ नौकांच्या बाबतीत पाण्याला घासणारा पृष्ठभागही थोडा कमी होतो. सुकाणू अगदी हळुवार हलवावे लागते, कारण जोराने वळविलेले सुकाणू मिळालेली थोडीशी गतीही खाऊन टाकते. हलक्या कापडाची मोठी शिडे अशा वाऱ्यात उपयोगी पडतात. परंतु वारा एकाएकी वाढल्यास ती एकट्याने उतरविणे अवघड असल्याने एकहाती नाविकाला त्यांचा वापर जपून करावा लागतो.

वारा पडला म्हणजे पाणी स्थिर होतेच असे नाही. दूरवरच्या वादळांत उत्पन्न झालेल्या लांब लाटा निर्वात प्रदेशापर्यंत येतात व नौका डोलत राहते. शिडे डोलकाठीभोवती सारखी आपटतात, दोऱ्या घासतात, शिवणी उसवतात. अशी झीज कित्येकदा भर वाऱ्यातील झिजेपेक्षा अधिक असते. शीड उतरवावे, तर पुढची झुळूक हातची जाते. तसेच ठेवावे, तर ते फाटते. हा निर्णय दिवसातून अनेकदा घ्यावा लागतो आणि तो घेणारा एकटाच असतो.

अशा वाऱ्याचे दोन मोठे प्रदेश सागरी प्रवाशाच्या वाटेत येतात. विषुववृत्ताजवळ ईशान्य व आग्नेय व्यापारी वारे एकत्र येऊन हवा वर चढते व तेथे विषुववृत्तीय शांत पट्टा निर्माण होतो. दोन्ही गोलार्धांत सु. ३० अक्षांशांच्या आसपास उच्च दाबाचा आणि मंद वाऱ्यांचा प्रदेश आढळतो. त्यास अश्व अक्षांश म्हणतात. किनाऱ्याजवळचे मंद वारे मात्र काहीसे भरवशाचे असतात. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. पहाटेच्या मतलईवर बाहेर पडून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतणे, हा शिडाच्या लहान होड्यांचा दिनक्रम या जोडीवरच बेतलेला होता.

आरंभीचे प्रवास : इंग्लंडमध्ये जॉन मॅकग्रेगर यांनी ‘रॉब रॉय’ या छोट्या नौकेतून एकट्याने केलेल्या प्रवासाचे वर्णन १८६७ मध्ये प्रसिद्ध केले. रिचर्ड मॅकमुलन यांच्या लेखनानेही इंग्लिश खाडीतील हौशी नौकानयनास शिस्तबद्ध वळण दिले. जून १८९१ मध्ये एकटेच प्रवास करीत असताना मॅकमुलन यांचा नौकेवर मृत्यू झाला. त्यांच्या पश्चात नौका आपल्या वाटेने चालत राहिली आणि पुढे फ्रेंच कोळ्यांना ती आढळली. नीट तोलून लावलेली नौका माणसाच्या हाताशिवायही मार्ग धरून ठेवते, ही गोष्ट पुढे एकहाती नौकानयनाचा पाया ठरली. मॅकमुलन यांच्या मृत्यूने ती विलक्षण रीतीने दिसून आली.

अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडल्याची पहिली नोंद ॲल्फ्रेड जॉन्सन यांच्या नावे आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त १८७६ मध्ये ते ग्लॉस्टर येथून ‘सेंटेनिअल’ या लहानशा होडीतून निघाले व वेल्सच्या किनाऱ्यास लागले. त्याच ग्लॉस्टरचे हॉवर्ड ब्लॅकबर्न यांनी हिमबाधेमुळे हातांची बोटे गमावलेली असतानाही १८९९ व १९०१ मध्ये हा महासागर एकट्याने पार केला.

जोशुआ स्लोकम : पृथ्वीप्रदक्षिणा एकट्याने प्रथम पूर्ण केली ती जोशुआ स्लोकम (१८४४–१९०९) यांनी. नोव्हास्कोशात जन्मलेले स्लोकम हे मोठ्या शिडाच्या जहाजांचे कप्तान होते. वाफेच्या जहाजांनी तो व्यवसाय संपुष्टात आणल्यावर त्यांनी फेअरहेव्हन येथे ‘स्प्रे’ नावाची एक जुनी, टाकून दिलेली नौका स्वतः पुन्हा बांधून काढली. तिची लांबी सु. ११·२ मी. होती. २४ एप्रिल १८९५ रोजी ते बॉस्टनहून निघाले आणि ४६,००० मैलांहून अधिक प्रवास करून २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्ट येथे परतले. कालमापक म्हणून त्यांच्याजवळ एक डॉलरला घेतलेले पत्र्याचे घड्याळ होते.

‘स्प्रे’चा मुख्य गुण म्हणजे तिचा समतोल. लांब कणा आणि शिडांची योग्य मांडणी यांमुळे सुकाणू दोरीने बांधून ठेवले असता ती दिवसचे दिवस एकाच दिशेने जाई. टॉरेस सामुद्रधुनीतील थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातील कीलिंग (कोकोस) बेटांपर्यंतच्या सु. २,७०० मैलांच्या प्रवासास २३ दिवस लागले. त्या संपूर्ण अवधीत आपण सुकाणूपाशी सारे मिळून तीन तासांहून अधिक काळ बसलो नाही, असे स्लोकम यांनी नमूद केले आहे.

परंतु ही किमया नियमित व्यापारी वाऱ्यांची होती. परतीच्या वाटेवर, घर जवळ आले असताना, उत्तर अटलांटिकच्या अश्व अक्षांशांत ‘स्प्रे’ अडकली. हा शांत पट्टा आपण जवळजवळ विसरूनच गेलो होतो, असे ते सांगतात. तेथे आठ दिवस वारा मुळीच नव्हता. रोज सायंकाळी ते उघड्या फळ्यांवर मेणबत्ती लावून तिच्या प्रकाशात वाचीत बसत. ज्योत विझेल इतकाही वारा नव्हता. क्षितिजावर एक मोठे शिडाचे जहाज त्यांना तीन दिवस तसेच उभे दिसत होते. त्या जहाजाप्रमाणेच एक माणूस व त्याची लहान नौकाही वाऱ्याची वाट पाहत होती. स्लोकम यांच्या प्रवासवर्णनात चाचे, खडक व भयंकर लाटा यांचे प्रसंग पुष्कळ आहेत. तथापि या आठ दिवसांच्या लहानशा हकिगतीत एकहाती नाविकाचे खरे भांडवल काय असते, ते स्पष्ट दिसते. त्यांनी रोजचा क्रम सोडला नाही आणि नौका पुन्हा चालू लागेपर्यंत स्वतःला गुंतवून ठेवले. १९०९ मध्ये त्याच नौकेतून एकटे निघाले असता ते बेपत्ता झाले.

स्वयंसुकाणूचा शोध : स्लोकम यांच्यानंतर हॅरी पिजन यांनी १९२१–२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. आलँ जेर्बो यांना १९२३ मध्ये जिब्राल्टरहून न्यूयॉर्कला पोहोचण्यास १०१ दिवस लागले. अ‍ॅन डेव्हिसन यांनी १९५२–५३ मध्ये अटलांटिक एकट्याने पार केला. असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांच्या प्रवासातील कानेरी बेटे ते डॉमिनिका हा टप्पा ६५ दिवसांचा होता. या सर्वांपुढील समान प्रश्न सुकाणूचा होता. १९६० मध्ये हर्बर्ट हॅस्लर यांच्या प्रेरणेने भरलेल्या पहिल्या एकहाती अटलांटिक स्पर्धेत त्याचे उत्तर पुढे आले. वाऱ्याच्या दिशेने वळणारे पाते सुकाणूला जोडून नौका वाऱ्याशी ठराविक कोनात ठेवावयाची, ही ती योजना होय. स्पर्धा फ्रान्सिस चिचेस्टर यांनी ४० दिवसांत जिंकली.

तथापि या साधनाची मर्यादा नेमकी मंद वाऱ्यातच उघड होते. वारा क्षीण असल्यास पाते वळविण्याइतका जोर त्यात राहत नाही. नौका वाऱ्याच्या दिशेनेच जात असल्यास नौकेवर जाणवणारा वारा आणखी कमी होतो. अशा वेळी नाविकालाच तासन्‌तास सुकाणू धरून बसावे लागते. म्हणजे जोराच्या वाऱ्यात यंत्र काम करते आणि माणूस झोपू शकतो, तर शांत दिवशी यंत्र थांबते आणि माणसाची झोप जाते. पुढे विजेवर चालणारी सुकाणूयंत्रे आल्यावर ही अडचण बरीच दूर झाली.

१९६८–६९ ची स्पर्धा : न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धेत नऊ नाविक उतरले व केवळ एकाने ती पूर्ण केली. रॉबिन नॉक्स–जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही सु. ९·८ मी. लांबीची सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. १४ जून १९६८ रोजी ते फॅलमथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. प्रवासाच्या आरंभीच, केप व्हर्द बेटांच्या परिसरात, नौकेच्या तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. पाण्यात उतरून त्यांनी तो सांधा कापसाने व तांब्याच्या पट्टीने बुजविला. असे काम शांत समुद्रातच होऊ शकते. मंद वाऱ्याचा दिवस हा एकहाती नाविकाचा दुरुस्तीचाही दिवस असतो. पुढे ऑस्ट्रेलियाजवळ त्यांचे स्वयंसुकाणू मोडले. तेव्हा स्लोकम यांच्याप्रमाणेच शिडांचा तोल साधून त्यांनी उरलेला प्रवास केला.

त्याच स्पर्धेतील डॉनल्ड क्रोहर्स्ट यांचा शेवट करुण झाला. अटलांटिक न सोडताच आपण प्रदक्षिणा करीत असल्याचे खोटे संदेश त्यांनी पाठविले. परतीचा काळ जवळ आला तसे त्यांचे मानसिक संतुलन ढळत गेल्याचे त्यांच्या नोंदींवरून दिसते. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका उत्तर अटलांटिकमधील मंद वाऱ्यांच्या टापूत निर्मनुष्य अवस्थेत सापडली. नौका मोडलेली नव्हती. खोटेपणाचा भार आणि प्रदीर्घ एकांत यांपुढे टिकला नाही तो माणूस. स्लोकम यांचे आठ दिवस आणि क्रोहर्स्ट यांचे अखेरचे दिवस एकाच महासागराच्या शांत पाण्यात गेले. दोघांच्या मनःस्थितीतील अंतर मात्र फार मोठे होते.

भारतीय प्रवास : भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ या उपक्रमात दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात, चार बंदरांत थांबून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांची ‘म्हादेई’ ही सु. १७ मी. लांबीची नौका गोव्यातील दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये मुंबई ते मुंबई हा प्रवास न थांबता केला. मुंबई उत्तर गोलार्धात आणि प्रदक्षिणेचा मुख्य मार्ग दक्षिण गोलार्धात असल्याने या प्रवासांत विषुववृत्तीय शांत पट्टा जाताना व येताना असा दोनदा ओलांडावा लागतो. शिवाय मार्च–एप्रिलमध्ये, मोसमी वारे सुरू होण्यापूर्वी, अरबी समुद्रावरील वारे मंद असतात. त्यामुळे महिनोन्‌महिने दक्षिणेच्या प्रचंड लाटांशी झुंजून आलेल्या नाविकाला घराच्या वाटेवर संयमाची दुसरी परीक्षा द्यावी लागते.

२०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धा १९६८ च्या साधनांपुरत्या मर्यादेत पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ ही नौका हिंदी महासागरातील वादळात निकामी झाली. पाठीस गंभीर दुखापत झालेल्या टॉमींना तेथून वाचविण्यात आले. २०२२–२३ च्या स्पर्धेत मात्र त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. ती स्पर्धा दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी जिंकली. ती जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

उपग्रहांवरून मिळणारे हवामानाचे अंदाज आणि विजेची सुकाणूयंत्रे यांमुळे आधुनिक एकहाती नाविकाचा मार्ग पुष्कळ सुकर झाला आहे. शांत पट्टा कोठे अरुंद आहे, हे आता आधी कळू शकते. तो पट्टा टाळता मात्र येत नाही. जेथे नियमाने वा स्वेच्छेने एंजिनचा आधार वर्ज्य केला जातो, तेथे नाविकाला आजही पाण्यावरील बारीक सुरकुत्यांवरून पुढच्या झुळकेचा अंदाज घ्यावा लागतो. ती येईपर्यंत दोऱ्या तपासणे, शिडे शिवणे, पाण्याचा हिशेब ठेवणे आणि वेळच्या वेळी जेवून झोपणे हीच त्याची कामे होत.