बोलण्याआधीची बोलणी

मुरुडहून (जि. लातूर) पुण्याला फोन लागतो, तेव्हा माणसांच्या आधी दोन यंत्रे बोललेली असतात : कोणाला हवे, वाट मोकळी आहे का, घंटी वाजली का. यालाच सिग्नलिंग म्हणतात. टेलिफोनच्या इतिहासात आवाजाचे कौतुक फार झाले. माझ्या मते खरा इतिहास या बोलण्यांचा आहे.

भारतात १८८२ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे एक्स्चेंजे सुरू झाली. पुढे गावे ट्रंक लाइनने जोडली गेली, पण जोडणारा माणूसच होता. आमच्या पिढीने ट्रंक कॉल ‘बुक’ केले आहेत. साधा, अर्जंट आणि आठपट दराचा लाइटनिंग. एका गावचा ऑपरेटर दुसऱ्याला आवाजावरून ओळखे. १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान एसटीडी आली आणि यंत्रे परस्पर बोलू लागली. १९८०च्या ‘सिग्नलिंग सिस्टिम क्र. ७’ या मानकाने त्यांच्या बोलण्यांना आवाजापासून वेगळी वाट दिली.

इंटरनेटवरच्या टेलिफोनीसाठी १९९९ साली ‘सिप’ नियमावली आली, २००२ साली सुधारली गेली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली. इथे ट्रंक लाइनचा जुनाच प्रश्न नव्या रूपात आला. पहिल्या सर्व्हरने दुसऱ्याकडे टीसीपी जोडणी उघडली, तरी उलट दिशेचा कॉल आला की दुसरा सर्व्हर नवी जोडणी उघडे. एका वाटेच्या जागी दोन वाटा, आणि सुरक्षित जोडणीत दर वेळी ओळख पटवण्याचा खर्च. २०१०च्या मानकाने उघडी जोडणीच दोन्ही दिशांना वापरण्याची रीत घालून दिली. अट एकच : समोरचा खरा कोण, हे प्रमाणपत्रावरून आधी तपासावे. नाहीतर भलताच सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने येणारे कॉल आपल्याकडे वळवील. ऑपरेटरची आवाजाची ओळख आता प्रमाणपत्रावर आली.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अशा वेळी प्रत्येक घर एकदमच आपल्या माणसाला शोधू लागते. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला आणि सारे फोन त्याच क्षणी त्याच्यावर तुटून पडले, तर तो पुन्हा झोपतो. म्हणून २००९चे मानक फोनांना सांगते : जोडणी तुटली तर लगेच धावू नका, प्रत्येकाने कमीअधिक थांबून प्रयत्न करा. जोडणी जिवंत आहे का, हे पाहायला मधूनमधून छोटा संदेशही पाठवायचा असतो. मुकी पडलेली जोडणी उघडी समजली, तर घरच्यांना वाटते, पलीकडचा माणूस फोन उचलत नाही.