मुक्कामाची वही : धर्मशाळा, सराई आणि एक प्रश्न

प्रवासात जुन्या वास्तूत उतरणं ही अलीकडे आपली हौस झाली आहे. कुणी वाड्यात राहतं, कुणी जुन्या बंगल्यात. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास न्याहारी’ योजनेमुळे कोकणातल्या घरगुती मुक्कामाचीही सवय झाली. आपण खांबांची नक्षी पाहतो, झोपाळ्यावर बसतो, फोटो काढतो. पण मुक्कामाच्या जागेचा खरा इतिहास नक्षीत नसतो, तो उतरणाऱ्यांच्या वहीत असतो. कुणाचं नाव तिथं लिहिलं गेलं आणि कुणाला दारातूनच परत पाठवलं, हे विचारायला हवं.

आपल्याकडे परक्या माणसाला छप्पर देण्याच्या दोन रीती होत्या. एक पुण्याची. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या, पुढे मुंबईत शेठ-सावकारांनी बांधल्या. दुसरी पैशाची : खोली घ्या, भाडं द्या. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे या दुसऱ्या रीतीचं मुंबईतलं प्रसिद्ध नाव. लोकमान्य मुंबईत आले की तिथं उतरायचे, आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचं निधनही तिथंच झालं. म्हणजे मुक्कामाच्या जागा इतिहासाच्या कडेला नसतात, कधीकधी त्या मधोमध असतात.

आता या दोन्ही रीती एकाच माणसापुढे कशा तोकड्या पडल्या ते पाहू. हा माणूस पुढे आपल्या दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहिला. 1917 साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून आले आणि संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू खाणावळींत जागा मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते पारशी सराईत गेले. सराई फक्त पारशांसाठी. पण गिऱ्हाईक नसल्यानं ओस पडली होती. शेवटी रखवालदाराशी ठरलं : दिवसाला दीड रुपया, आणि वहीत पारशी नाव.

वरच्या मजल्यावरच्या मोडक्या सामानाच्या त्या अंधाऱ्या जागेत कंदिलाच्या उजेडात ते वाचत बसत. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, म्हणाले. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडूनही जागा मिळाली नाही. कमाटी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

इथं जरा थांबूया. त्यांच्याकडे पैसे नव्हते का? होते, आणि ते रोज देत होते. सराई भरली होती का? रिकामी होती. अतिथीला देव मानण्याची शिकवण समाजाला माहीत नव्हती का? ती तैत्तिरीय उपनिषदापासून आहे. मग अडलं कुठं? अतिथी कोण, हे ठरवण्याचा अधिकार यजमानाच्या हाती होता, तिथं अडलं. दान देणारा हात आखडूही शकतो, आणि भाडं घेणारा ‘खोली नाही’ म्हणू शकतो.

कांट या जर्मन तत्त्वज्ञानं 1795 साली चिरंतन शांततेवरच्या निबंधात हाच मुद्दा मांडला. आतिथ्य हा दयेचा विषय नाही, हक्काचा आहे, असं तो म्हणतो. हक्क तसा छोटाच : परक्या भूमीवर आलेल्याला शत्रूसारखं वागवू नये, एवढाच. बडोद्यात तेवढाही मिळाला नाही.

हा हक्क आपल्याकडे कायद्याच्या भाषेत आणण्यात एका मुंबईकराचा मोठा वाटा आहे. सिद्धिविनायकाकडे जाताना एस. के. बोले रोड लागतो. रोज त्या रस्त्यानं जातो आपण, पण बोले कोण हे विचारत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. पाणवठे, विहिरी यांच्यासाठी तो आठवला जातो, कारण महाडचा 1927चा सत्याग्रह त्याच्याच आधारावर झाला. पण त्या ठरावात धर्मशाळाही होत्या, बरं का! सार्वजनिक पैशानं चालणाऱ्या धर्मशाळा सर्वांना खुल्या. पाण्याइतकीच रात्रीच्या आसऱ्याचीही गरज त्यांनी ओळखली. पुढे घटनेच्या 15व्या कलमात हॉटेलं आली, आणि 1955च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्द आले.

हा केवळ आपलाच दोष, असं समजू नका. 1943 साली वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन याला लंडनच्या इम्पीरियल हॉटेलनं वर्णावरून नाकारलं. तो कोर्टात गेला आणि जिंकला. कारण आलेल्या प्रवाशाला विनाकारण परत पाठवायचं नाही, हे इंग्लंडच्या सराईवाल्यांवर जुनंच बंधन होतं. भरपाई किती? पाच गिनी. रक्कम नाममात्र, पण निकाल महत्त्वाचा.

मग पुण्याची रीत टाकाऊ म्हणायची का? नाही. गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. दादर पूर्वेला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथं राहतात. कायदा दार उघडायला लावतो. पण आत आलेल्या घाबऱ्या माणसाला बसा म्हणायला कायदा येत नाही, तिथं माणूसच लागतो.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका जुन्या घरी मुक्कामासाठी फोन केला. खोली आहे का, विचारलं. पलीकडून प्रश्न आला, ‘आडनाव काय?’ मी सांगितलं. लगेच, ‘या, या, आपलंच घर आहे.’ गेलो, जेवलो, आंबोळीची तारीफ केली. परतताना गाडीत मनात आलं, आडनाव वेगळं असतं तर? आणि मी का विचारलं नाही? बडोद्याच्या वहीत खोटं नाव लिहावं लागलं, माझं खरं नाव चाललं. त्या दोन वह्यांतलं अंतर मी समजतो तेवढं नाही.

पुढच्या वेळी जुन्या वास्तूत उतराल तेव्हा नक्षी जरूर पाहा. पण वहीत सही करताना हा प्रश्नही विचारा. निदान स्वतःला तरी.