खिशातली पेटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोबाईलची रिंगटोन हा विषय इतिहासाच्या भाषणाला जरा हलकाच वाटेल. पण एकाच खोलीत दहा जणांच्या खिशात एकसारखे वाजणारे फोन असले की काय होत असे, ते आठवून बघा. एक वाजला की दहा हात खिशाकडे जात! या गोंधळातून पुढे मोठा धंदा उभा राहिला. त्या धंद्यात प्रश्न गाण्याचा कमी आणि मालकीचा जास्त होता. पैसे मोजून घेतलेल्या फोनने कसं वाजायचं, हे ठरवायचं कुणी?

सुरुवातीला ते कंपनीच ठरवत असे. फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाने १९०२ मध्ये 'ग्रान व्हाल्स' नावाची रचना केली. तिच्यातले अवघे १३ स्वर नोकियाने उचलले आणि १९९४ च्या २११० या फोनात घातले. तारेगा १९०९ मध्येच वारले होते. आपली ही ओळ जगभरच्या बसगाड्यांत आणि सभागृहांत नको त्या वेळी वाजत राहील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

स्वतःची धून फोनात घालण्याची सोय पहिल्यांदा जपानमध्ये १९९६ मध्ये झाली. कुठल्या गाण्यासाठी कुठली बटणं दाबायची, हे सांगणारं तिथलं १९९८ चं एक पुस्तक ३५ लाखांहून जास्त खपलं. त्याच वर्षी फिनलंडमध्ये वेस्कू पानानेन यांनी एसएमएसमधून धून पाठवण्याची पद्धत बसवली आणि रेडिओलिन्या या कंपनीने ती विकायला काढली. युक्ती साधी होती. संदेशाच्या आरंभी एक खूण असे. 'हा मजकूर वाचायचा नाही, वाजवायचा आहे,' एवढंच ती खूण फोनला सांगे. पानानेन यांनी आपल्या त्या प्रणालीला नाव दिलं होतं 'हार्मोनियम'. आपल्या भाषेत पेटी!

आणि खरोखरच ती पेटीच होती. नोकियाच्या ३२१० आणि ३३१० या फोनांत 'कंपोझर' नावाची सोय होती, ती ज्यांनी वापरली त्यांना हे लगेच पटेल. १ ते ७ या बटणांवर पाश्चात्त्य सप्तकाचे सात स्वर. १ म्हणजे आपल्याकडच्या पेटीवाल्यांची 'पांढरी एक'. तिथे सा धरला की सा रे ग म प ध नी ओळीने ७ पर्यंत. शून्य दाबलं की विश्रांती, ८ ने स्वराची लांबी कमी, ९ ने जास्त, चांदणीने सप्तक बदलायचं आणि चौकटीच्या खुणेने स्वर अर्ध्याने चढवायचा. कोमल स्वराला वेगळं बटण नाही. कोमल गंधार हवा असेल तर रिषभ चढवायचा, कोमल निषाद हवा असेल तर धैवत. ३ आणि ७ या बटणांवर मात्र ती खूण चालत नसे. ज्याने पेटी पाहिली आहे त्याला याचं नवल वाटायचं नाही, कारण ग आणि म यांच्यामध्ये, तसंच नी आणि वरचा सा यांच्यामध्ये, काळी पट्टी नसतेच. मींड नाही, एका वेळी एकच स्वर. बाकी पेटीचं गणित सगळं तेच.

पण बटणं दाबून दाबून अंगठा दुखे. तिथे संगणक मदतीला आला. नोकियाने धून अक्षरांत लिहिण्याची एक लिपी केली होती, आरटीटीटीएल नावाची. आधी धुनेचं नाव, मग ठरीव मात्रा, सप्तक आणि लय, आणि पुढे स्वल्पविराम देत एकेक स्वर. अख्खं गाणं दोन-तीन ओळींत मावे. ही ओळ संगणकावर लिहायची, ऐकायची, दुरुस्त करायची आणि फोनात पाठवायची. फोनाला इन्फ्रारेडची खिडकी असेल तर ती संगणकाच्या खिडकीसमोर धरायची. ३३१० ला तीही नव्हती. मग मागचं झाकण काढून आतल्या संपर्कबिंदूंना केबल भिडवायची.

आता फोन आणि संगणक एकमेकांशी ज्या बोलीत बोलत, ती काही सगळ्यांसाठी खुली नव्हती. तेव्हा काही हौशी प्रोग्रामरांनी तारेवरून काय जातं-येतं ते पाहून ती बोली उकलली आणि 'ग्नोकी'सारखे फुकट प्रोग्रॅम जगाला देऊन टाकले. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडे मोबाईलवरचं पहिलं बोलणं ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झालं. १ मे २००३ पर्यंत येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. फुकट होतं ते फक्त वाजणं. मिस्ड कॉलची सारी भाषा त्यातून जन्मली, आणि जे फुकट होतं तेच सजवायची हौस लोकांना वाटली, यात नवल ते काय?

पुढे एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारे फोन आले. त्यांच्या मिडी फाइलींत आवाज नसे, कुठल्या वाद्याने कधी काय वाजवायचं याच्या सूचना तेवढ्या असत. मग थेट एमपीथ्री आलं आणि पेटी मागे पडली. धून रचायची नाही, गाण्याचा हवा तो तुकडा कापायचा. गल्लोगल्ली मोबाईलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील'च्या पाट्या लागल्या. दुकानातला मुलगा मेमरी कार्ड काढून घेई आणि चहा संपेपर्यंत भरून परत देई. त्यातली बरीचशी गाणी गीतकार-संगीतकारांना एक पैसाही न देता जात, हेही खरंच.

कंपन्यांनी वेगळी वाट शोधली. दक्षिण कोरियाच्या एसके टेलिकॉमने २००२ मध्ये कॉलरट्यून आणली. ती आपल्या फोनात नसतेच, कंपनीच्या यंत्रणेत असते. तिथे कुठली केबल लावणार? अमेरिकेत तर गीतकारांच्या एका संस्थेने असा दावा केला की चारचौघांत फोन वाजणं हा जाहीर कार्यक्रमच आहे, तेव्हा मोबाईल कंपनीने त्याचं शुल्क द्यावं. २००९ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो फेटाळला.

त्याआधी २००७ मध्ये ॲपलने आयफोनसाठी रिंगटोन विकायला काढल्या. ९९ सेंटला गाणं विकत घेतलेल्या माणसाने त्याचाच तुकडा वाजवण्यासाठी आणखी ९९ सेंट द्यायचे! लोकांनी पुन्हा संगणक उघडला. ॲपलच्या ध्वनिफाइलीच्या नावाचा शेवट 'एमफोरए' असा होतो. गाण्याचा तुकडा कापून त्या नावातलं शेवटचं 'ए' पुसायचं आणि तिथे 'आर' लिहायचं. संगणक त्याला मुकाट्याने रिंगटोन समजू लागला.