वेध : एका देहसंवेदनेच्या शब्दाचा अर्थप्रवास

लीळाचरित्राच्या ‘एकांक’ भागात चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीच्या ओघात भंडारा येते. तेथील नीळभट्टांना चक्रधरांच्या दर्शनाने वेध झाला आणि ते त्यांच्यामागे निघाले. महानुभाव परंपरेने त्यांचे गाव त्यांच्या नावात ‘भांडारेकार’ असे कायमचे गोवले. या प्रसंगातील ‘वेध’ला आजचे वाचक सहजच ‘आकर्षण’ हा प्रतिशब्द देतात. अडचण येथेच सुरू होते.

‘वेध’चे मूळ संस्कृत ‘व्यध्’, म्हणजे भोसकणे, आरपार जाणे. कर्णवेधात हा अर्थ शाबूत आहे. म्हाइंभटांच्या तेराव्या शतकातील गद्यात मात्र वेध ही सान्निध्यात येणाऱ्याच्या देहात प्रथम घडणारी घटना आहे. बोध आणि अनुसरण तिच्यानंतरचे. देहभान हरपवणारी ‘स्थिती’ तिच्याहून निराळी. वेधात भान असते, पण पाऊल आपल्या ताब्यात उरत नाही. हा शब्दप्रयोग लाक्षणिक मानला की त्या संहितेतील देहच नाहीसा होतो.

पुढे हे गद्य सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची उकल होईपर्यंत पंथाबाहेरच्या मराठीस ते जवळजवळ अज्ञात राहिले. पंथात शब्दाचा पारिभाषिक अर्थ टिकला; बाहेर तो अन्य वाटांनी गेला. सूर्यग्रहणापूर्वीचे चार प्रहर ‘वेध’ ठरले. सुट्टीचेही ‘वेध लागू’ लागले. वेधशाळेत तर तो निव्वळ निरीक्षण झाला, देहापासून पुरता सुटलेला.

इंग्रजी ‘थ्रिल’चा इतिहास नेमका याच्या उलट आहे. त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ भोक पाडणे. नाकपुडीवाचक ‘नॉस्ट्रिल’मध्ये तेच ‘भोक’ दडलेले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो शब्द अंगातून सरसरत जाणाऱ्या भावनेसाठी रूढ झाला आणि भोक पाडण्याचा अर्थ कालबाह्य ठरला. इंग्रजीने शिरशिरी राखली, मराठीने सुई.

वि. भि. कोलते यांची लीळाचरित्राची संपादित आवृत्ती 1978 साली प्रसिद्ध झाली आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश 1999 साली. साधने हाताशी आली, तरी भांडारेकारांच्या प्रसंगाचे अर्थनिर्णयन अजून बहुधा श्रद्धेच्या परिभाषेतच होते. नीळभट्टांनी चक्रधरांना ‘निवडले’ असे तेथे गृहीत धरले जाते. ‘वेध’ या शब्दाच्या व्याकरणात मात्र नीळभट्ट कर्ते नाहीत. ते विद्ध आहेत.