रीआऊ द्वीपसमूह

मलॅका सामुद्रधुनीच्या दक्षिण मुखाशी, सिंगापूरच्या दक्षिणेस पसरलेला इंडोनेशियाचा द्वीपसमूह व प्रांत. लोकसंख्या सु. २०·६ लाख (२०२०). राजधानी बिंतान बेटावरील तांजुंगपिनांग. दोन हजारांहून अधिक बेटांपैकी बिंतान, बाताम, करिमुन, लिंगा व सिंकेप ही प्रमुख होत. हिंदी महासागर व चीन यांमधील जहाजांची वाट येथून जाते. या बेटांचा उत्कर्ष व ऱ्हास ही दोन्ही त्या वाटेवरील सत्तेशी निगडित आहेत.

पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलॅका घेतल्यावर तेथील सुलतान महमूद शाह याने बिंतानचा आश्रय घेतला. १५२६ मध्ये तेही उद्ध्वस्त झाले. तथापि त्याच्या वंशजांनी जोहोरचे राज्य उभारले. या राज्याचे खरे बळ होड्यांतून राहणाऱ्या ‘ओरांग लाउत’ (समुद्रजन) जमातींत होते. व्यापारी जहाजांना बंदरात आणणे व शत्रूची जहाजे अडविणे ही कामे ते सुलतानासाठी करीत. १६९९ मध्ये सुलतानाचा खून झाला आणि ही निष्ठा ढळली. पुढील यादवीत सेलेबीझकडील बुगी योद्ध्यांनी १७२२ मध्ये सुलेमानला गादीवर बसविले आणि मोबदल्यात ‘यांग दि-पेर्तुआन मुदा’ (कनिष्ठ राजा) हे पद आपल्या घराण्याकडे घेतले. प्रत्यक्ष कारभार त्यांच्याच हाती गेला.

बुगी अमदानीत बिंतानवरील रीआऊ हे बंदर भरभराटीस आले. भारतीय कापड व अफू, कथील, मिरी आणि चिनी मालाची येथे देवघेव होई. डच कंपनीची मक्तेदारी चुकविणारे इंग्रज व्यापारी येथे येत. चिनी मजुरांच्या श्रमावर गँबियरचे मळे वाढले. या झुडपाच्या पानांचा अर्क विड्यात काताप्रमाणे घालतात. डचांना ही स्पर्धा सहन होण्याजोगी नव्हती. मलॅकाला वेढा घालणारा राजा हाजी १७८४ मध्ये मारला गेला व रीआऊवर डचांचे प्रभुत्व आले. सुलतान तिसरा महमूद याने १७८७ मध्ये इलानुन दर्यावर्दींकरवी डचांना हुसकावले. परंतु सूडाच्या भीतीने त्याला स्वतःलाही लिंगा बेटावर जावे लागले.

त्याच्या मृत्यूनंतर (१८१२) धाकटा मुलगा अब्दुल रहमान गादीवर आला. १८१९ मध्ये रॅफल्सने सिंगापूरची वखार मिळविण्यासाठी थोरल्या हुसेनला सुलतान म्हणून मान्यता दिली. १७ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये झालेल्या इंग्रज-डच तहाने सिंगापूरच्या दक्षिणेकडील बेटे डचांच्या व उत्तरेकडील प्रदेश इंग्रजांच्या वाट्यास आला. ज्यांचे राज्य दुभंगले, त्यांची संमती कोणी विचारली नाही. एकाच घराण्यातील नातलग दोन साम्राज्यांचे अंकित झाले आणि व्यापार सिंगापूरकडे वळला.

व्यापार गेला, तरी कनिष्ठ राजांच्या पेन्यंगात या चिमुकल्या बेटावर विद्या टिकून राहिली. राजा हाजीचा नातू राजा अली हाजी याने मलायी भाषेचे व्याकरण व कोश रचले आणि *तुहफत अल्-नफीस* हा इतिहासग्रंथ सिद्ध केला. डच कागदपत्रांत बुगींची संभावना बहुधा चाचे म्हणून होते. या ग्रंथात त्यांची बाजू कळते, मात्र तीही घराण्याच्या अभिमानाने रंगलेली आहे. रीआऊ-जोहोरची मलायी डचांनी प्रमाण मानली. १९२८ मध्ये राष्ट्रवादी युवकांनी स्वीकारलेल्या इंडोनेशियन भाषेच्या घडणीत तिचा वाटा मोठा आहे.

डचांनी १९११ मध्ये सुलतानाला पदच्युत केले. तो सिंगापूरला गेला. १९१३ मध्ये सल्तनत संपुष्टात आली. बातामचा औद्योगिक विकास १९७० नंतर सुरू झाला, तो प्रामुख्याने सिंगापूरच्या भांडवलावर व सान्निध्यावर. २००२ च्या कायद्याने ही बेटे सुमात्रातील रीआऊ प्रांतापासून वेगळी करण्यात आली. २०२० मध्ये प्रांताची निम्म्याहून अधिक वस्ती एकट्या बातामवर होती. पेन्यंगातवर पिवळ्या रंगाची जुनी मशीद व राजघराण्यातील कबरी आहेत.