भिंतीवरून गल्लीत

2018 च्या पावसाळ्यात भिलईत डेंग्यूने बळी घेतले. साथ आली की तिथल्या कुरुदसारख्या वस्तीत डास मारायला धुराचे यंत्र फिरते. मुले त्यामागे धावतात, आया खिडक्या लावून घेतात. या धुराचे कूळ मात्र एका भिंतीशी जाऊन भिडते.

डीडीटी हे रसायन 1874 मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते. ते कीटक मारते हे रसायनशास्त्रज्ञ पाउल म्युलरने 1939 मध्ये ओळखले आणि 1948 मध्ये त्याला नोबेल मिळाले. मुंबई प्रांतात हिवतापतज्ज्ञ डॉ. विश्वनाथन यांनी 1946 मध्ये कारवार आणि धारवाडकडच्या गावांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारले. 1953 मध्ये देशभर हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा भिलई ज्या दुर्ग जिल्ह्यात येते, त्याचा कारभार नागपूरहून चाले.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. 1961 मध्ये नोंदवलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उतरले. पण डास औषधाला पुरून उरू लागले आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. डीडीटीच्या जोडीला मॅलॅथिऑन हे दुसरे कीटकनाशक आले. शेतीतून डीडीटी हद्दपार झाले, आरोग्य खात्यापुरते राहिले.

आता मुद्द्याचे. भिंतीवरचे औषध महिनोन्‌महिने डासाची वाट पाहत बसे. धूर डासाला शोधत फिरतो, आणि वाटेत त्याला माणसे भेटतात. तो विरला की त्याचा असरही संपतो. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो आणि पलंगाखाली, कपड्यांआड दडतो. गल्लीतला धूर तिथवर क्वचितच पोहोचतो. शिवाय मॅलॅथिऑनच्या धुराच्या मिश्रणात एक भाग औषधाला एकोणीस भाग डिझेल असते. दमेकऱ्याला खोकला येतो तो काही मनाचा खेळ नव्हे.

सर्वांत जास्त विष अंगावर घेतो तो यंत्र खांद्यावर घेणारा. मॅलॅथिऑन ज्या रसायनांच्या कुळातले, त्यातलीच काही शेतात वापरली जातात. यवतमाळात 2017 मध्ये फवारणी करताना शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले, तेव्हा मास्क आणि हातमोज्यांची किंमत कळली.

डासांच्या अळ्या मारायला पाण्यात टाकायच्या ॲबेटचे, म्हणजे टेमिफॉसचे, प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम ठरलेले आहे. तेवढे पिण्याच्या पाण्यातही चालते. प्रमाण पाळले तर औषध, नाही तर नुसता भरवसा.

म्हणून वस्तीने तीन गोष्टी मागाव्यात: फवारणीची वेळ आदल्या दिवशी कळावी, औषधाचे नाव सांगावे, आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर मास्क असावा. चौथी गोष्ट आपल्याच हातात आहे. आठवड्यातून एकदा ड्रम आणि कूलर रिकामे करून घासावेत. डासाची अंडी धुराने मरत नाहीत.